मुखपृष्ठावरचा काटेरी मुकुट

गेल्या रविवारी उपासनेहून घरी आलो, तर आई गप्प बसलेली. कारण विचारलं, तर तिनं नातीच्या खोलीकडे बोट केलं. तिथं बायबलच्या वचनांच्या कॅलेंडरशेजारी एक नवं चित्र लागलं होतं. डोक्यावर काटेरी मुकुट घातलेला कृष्णवर्णीय तरुण, कडेवर लहानगी, कमरेला खोचलेलं पिस्तूल. मागं पलंगावर तान्हं बाळ घेतलेली त्याची जोडीदार.

"तो मुकुट कुणाचा, ठाऊक आहे ना तिला?" आई म्हणाली. तिचं दुखणं निराळंच होतं. सहा महिने झाले, नात देवळात येत नाही.

ते चित्र केंड्रिक लमारच्या 2022 सालच्या 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' या अल्बमचं मुखपृष्ठ. मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. टुपाक शकूर सप्टेंबर 1996 मध्ये गोळीबारात गेला आणि नोव्हेंबरात 'मॅकाव्हेली' या नावानं त्याचा अल्बम आला. मुखपृष्ठावर तो स्वतः क्रुसावर. येशूचा अनादर करण्याचा हेतू नाही, असा खुलासाही सोबत छापलेला. मुंबईच्या मित्रानं मला ती कॅसेट दिली होती. वडिलांनी डबीतला चित्राचा कागद काढून घेतला, कॅसेट परत दिली. ती ऐकली मात्र नाही.

हे दोघे रूढ अर्थानं ख्रिस्ती रॅपर नव्हेत. आपल्या वस्तीचं दुःख सांगायला त्यांनी ख्रिस्ताच्या खुणा घेतल्या. निव्वळ श्रद्धेसाठी रॅप करणाऱ्यांची वाट वेगळी. 1985 मध्ये स्टीफन वायलीची 'बायबल ब्रेक' ही कॅसेट आली, तेव्हापासून ती मळत गेली. ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या लक्रेनं 2004 मध्ये एका मित्राबरोबर 'रीच रेकॉर्ड्स' काढली. त्यांच्या मंडळींची खूण म्हणजे 116 हा आकडा. रोमकरांस पत्र, अध्याय 1, वचन 16; सुवार्तेची लाज न बाळगण्याचं ते वचन. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या माशाच्या चित्रासारखंच हे. जाणणाऱ्याला कळतं, इतरांना नुसता आकडा दिसतो.

लक्रेच्या 'ग्रॅव्हिटी'ला 2013 मध्ये गॉस्पेल अल्बमचं ग्रॅमी मिळालं. 2014 मध्ये 'ॲनॉमली' अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिला आला. पण त्याआधी, 2012 मध्ये, त्यानं 'चर्च क्लोद्स' काढला. देवळात जाण्याचे कपडे! त्या नावाच्या गाण्यात देवळातल्या दांभिकपणाचाच समाचार आहे.

देवळातली माणसंही कधीकधी कपडेच पाहतात. 2017 मध्ये लाइफवे या ख्रिस्ती दुकानांनी शो बराकाचा 'द नॅरेटिव्ह' हा अल्बम विक्रीतून काढला. कारण, एका गाण्यात शरीराच्या एका अवयवाचं नाव होतं. गाणं काय सांगतं, हा प्रश्न मागे पडला.

हे सारं आईला सांगितलं. मग चान्स द रॅपरच्या 2016 सालच्या 'कलरिंग बुक'चं मुखपृष्ठ दाखवलं. गुलाबी आभाळ, आणि खाली पाहून हसणारा चान्स. ना क्रूस, ना मुकुट. चित्रकार ब्रँडन ब्रोसाठी तो उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात त्याची तान्ही मुलगी होती. चित्रात ती नाही. त्याच्या चेहऱ्यावर मात्र आहे. तो अल्बम तर देवाच्या स्तुतीनं भरलेला.

आई लहानपणापासून टिळकांचे अभंग म्हणते. ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंग-कीर्तनात आणला, तेव्हा तो आपल्याच माणसांच्या बोलीत आणला, हे तिला मी काय सांगणार?

संध्याकाळी ती नातीच्या खोलीत गेली. "यातलं एक गाणं लाव बघू, आणि काय म्हणतो ते सांग," म्हणाली. बराच वेळ दोघी आत होत्या. मुलीचं एकच वाक्य मला बाहेर ऐकू आलं, "आजी, मी देव सोडलेला नाही गं."

बाहेर येताना आई म्हणाली, "पिस्तूल काही मला पटलं नाही. पण लेकीला घट्ट धरलंय त्यानं."

चित्र अजून भिंतीवर आहे. फक्त कॅलेंडरशेजारून निघून दाराजवळ आलं आहे. येत्या रविवारी मुलगी देवळात येईल की नाही, ठाऊक नाही. वडिलांनी तेव्हा कॅसेट ऐकली असती तर, एवढं मात्र वाटत राहतं.