गांडूळ खत : आधी कुजवा, मग खाऊ घाला



राजूरच्या अंगाला भात आणि खाली प्रवराकाठी ऊस, अशी आपल्या अकोले तालुक्याची पिके. पिके वेगळी, पण एक सवय दोन्हीकडे सारखी. भातवाला उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून राब भाजतो. ऊसवाला तोड झाली की फडात पाचट पेटवतो. राबाने तणाचे बी मरते हे खरे, आणि पाचट जाळले की खोडव्याची मशागत सोपी जाते हेही खरे. परंतु धुराबरोबर नत्र व सेंद्रिय कर्ब निघून जातो आणि हाती राख उरते. एका हेक्टरच्या उसातून ८ ते १० टन पाचट निघते व त्यात सुमारे ४० ते ५० किलो नत्र असते. ते जाळायचे आणि वर युरियाच्या गोण्या विकत आणायच्या, हा कुठला हिशेब?

हाच माल गांडुळाच्या पोटातून गेला तर उत्तम खत होते. गांडुळे जमीन कशी घडवतात यावर चार्ल्स डार्विनने १८८१ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गांडुळाला दात नसतात. मऊ झालेले अन्न ते गिळते, पोटातल्या पेषणीत दळते आणि चहाच्या पुडीसारखी काळी विष्ठा टाकते. म्हणून ताजे शेण किंवा कोरडे पाचट टाकून भागत नाही. ताजे शेण तापते व गांडुळे मरतात. कोरडे पाचट ती खातच नाहीत.

पाचटाची कुट्टी करून शेणकाल्यात भिजवावी व ढीग लावून महिना-दीड महिना कुजू द्यावी. ढिगात हात घातल्यावर चटका बसेनासा झाला की माल तयार समजावा. गव्हाणीतली उष्टावळ व पालापाचोळाही चालतो. प्लॅस्टिक, काच आणि औषध मारलेला पाला मात्र नको.

वाफा उंचवट्यावर, सावलीत, ३ फूट रुंद व दीड-दोन फूट उंच करावा. राजूरकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको! गांडूळ कातडीने श्वास घेते. वाफ्यात पाणी साचले की गुदमरते नाहीतर पळून जाते. तेव्हा वर छप्पर आणि भोवती चर हवाच. तळाला काडीकचऱ्याचा थर, त्यावर कुजलेले शेण, मग गांडुळे आणि वर कुजवलेला माल. ओले गोणपाट झाकावे. मूठभर माल दाबला तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. मुंग्या, उंदीर व कोंबड्यांपासून राखण ठेवावी.

शेतातली गांडुळे खणून वाफ्यात सोडू नयेत. त्यातली बरीचशी माती खाऊन खोल राहणारी असतात. वाफ्याला वरच्या थरात राहून कचरा खाणारी जात लागते. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी. दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. काढण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद करून उजेडात ढीग करावा. गांडुळे खाली जातात, वरचे खत चाळून घ्यावे.

आता खरा हिशेब. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. गांडूळ खतात दीड टक्का नत्र धरले, तर ५ टनांतून ७५ किलो होते आणि तेही हळूहळू लागू पडते. म्हणजे गांडुळे विकणारा काहीही सांगो, एवढ्यावर रासायनिक खत एकदम बंद करता येणार नाही. मात्र जमिनीत कर्ब वाढतो, माती भुसभुशीत होते, ओल टिकते. असे झाले की टाकलेला युरियाही वाया कमी जातो.

सगळे पाचट वाफ्यात आणायचीही गरज नाही. बरेचसे खोडव्याच्या सरीतच दाबून कुजवावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजवणारे जिवाणू टाकावेत. गोठ्याजवळ जेवढे झेपेल तेवढेच वाफ्याला घ्यावे. भातवाल्यांनी यंदा निदान एका गुंठ्याचा राब न भाजता गादीवाफा करून त्याला हे खत द्यावे, तण हाताने काढावे आणि रोप शेजारच्या राबाशी ताडून पाहावे.

गांडुळे विकत घेण्याची घाई नको. आधी काडीपेटी खिशात ठेवा आणि ढीग कुजवायला लावा. ढीग निवला की गट कार्यालयात कळवा. वाफा कुठे आणि केवढा घ्यायचा ते आपण जागेवर बसून ठरवू.

— ऊस विकास अधिकारी