भीमसेनजींचा आवाज गेला कुठे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती. मामंजींनी कानावरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "बघ गं, टाळ वाजतायत, पेटी वाजतेय, आणि भीमसेन तेवढे गायब!"

मी कानाला लावून पाहिला. खरेच, साथीदार सगळे हजर, गवई गैरहजर!

आमच्या घरात हा हेडफोन म्हणजे तहनामाच आहे. मामंजींना रात्री झोप येत नाही, त्यांना संतवाणी लागते. सासूबाईंचे माहेर धारवाडचे, त्यांना दासवाणी हवी. गळा एकच, गदगच्या भीमसेन जोशींचा, पण अभंग आधी की दासरपद, यावर रोज वाद. शिवाय लेकीचा दहावीचा अभ्यास. हेडफोन आला आणि घर शांत झाले. मध्यंतरी ह्यांनी बिनवायरचे इवलेसे बड्स आणून दिले होते. मामंजींच्या थरथरत्या बोटांना ते पेलवेनात. एक पलंगाखाली सापडला, दुसरा अजून सापडायचा आहे.

"टाकून दे, नवा घेऊ," असे हे म्हणाले. मी तो खडेबाजारालगतच्या गल्लीतल्या रिपेरीवाल्याकडे नेला. त्याने पिनेजवळची वायर जरा वाकवली, तशी गाण्यातला आवाज क्षणभर परत आला. "वायर कट आगेद री. स्पीकर चलो अद," तो म्हणाला. म्हणजे तुटली ती वायर, स्पीकर ठणठणीत. ८० रुपयांत नवी पिन बसली.

पण मग गवईच का गेला? साध्या हेडफोनच्या पिनेवर तीन पट्टे असतात. टोकाचा डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा आणि तळाचा दोघांचा सामाईक परतीचा. ही परतीची तार तुटली, की दोन्ही कानांत जे सारखे असते ते एकमेकांना खोडून टाकते आणि फक्त फरक उरतो. स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायकाला बहुधा मधोमध ठेवतात, म्हणून तो पहिला जातो.

हाच प्रकार वायर धडधाकट असतानाही होतो. माइकवाल्या हेडफोनच्या पिनेला चार पट्टे असतात. जुन्या काही हँडसेटमध्ये माइक आणि परतीची तार यांच्या जागा आजच्या उलट होत्या. असा जुना हेडफोन नव्या फोनला लावला, की गाणे पोकळ वाटते. वायरवरचे बटण दाबून धरा. आवाज भरून आला, तर दोष पट्ट्यांचा समजा. जागा बदलून देणारा छोटा जोड बाजारात मिळतो.

नव्या फोनला ते गोल छिद्रच नसेल, तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो. इथे बरेच जण फसतात. काही जोडांत नुसत्या तारा असतात, ते मोजक्याच फोनवर चालतात. 'डॅक' चिप असलेला मागा आणि आपला फोन दुकानात नेऊन तिथेच वाजवून बघा. काही फोनमध्ये सेटिंगमधले ओटीजी चालू करावे लागते.

घरी पिन बदलायची हौस असेल, तर एक ध्यानात ठेवा. आतल्या तारांवर रंगीत लाख असते. डाग देण्याच्या गरम इस्त्रीने ती जाळली नाही, तर डाग धरतच नाही. बहुधा लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांबड्या तांब्याच्या रंगाची परतीची. पण कंपनीगणिक फरक पडतो, तेव्हा तपासूनच जोडा.

कानात घालायच्या प्रकारात एक बाजू हळू वाजू लागली, तर वायरीआधी जाळी बघा. निम्म्या वेळा तिथे कानातला मळच असतो. जाळी खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. सुई घालू नका. बिनवायरच्या बड्सची बॅटरी फुगली असेल, तर मात्र रिपेरीच्या फंदात न पडता ई-कचऱ्यात द्या.

राहता राहिल्या गाद्या. आपल्या बेळगावच्या पावसात कृत्रिम कातड्याच्या गाद्यांचे पापुद्रे सुटतातच. मामंजींच्या पांढऱ्या केसांत काळे कण दिसले, की सासूबाई समजायच्या. नव्या गाद्या सुट्या मिळतात, फक्त जुनीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून न्या. सैल बसली, तर खर्ज निघून जातो.

आम्हाला मापाच्या मिळेपर्यंत सासूबाईंनी जुन्या इरकलीच्या काठाच्या खोळी शिवून घातल्या. मामंजी म्हणतात, आवाज जरा दबतो. मापाच्या गाद्या येऊन महिना झाला, पाकीट अजून कपाटातच आहे.