सॉलोमन बेटांचा झांकलेला करार

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस सॉलोमन बेटें या नांवाचें सुमारें सात-आठ लक्ष वस्तीचें एक लहान राष्ट्र आहे. सन १९४२-४३ मध्यें त्यांतील ग्वाडालकनाल बेटासाठीं अमेरिका व जपान यांचें घनघोर युद्ध झालें. पुढें मोठ्यांची नजर वळली. १९९३ सालीं अमेरिकेनें तेथील आपली वकिलातही बंद केली. गरज सरो, वैद्य मरो! दंगेधोपे शमविण्यास २००३ पासून आलेलें ऑस्ट्रेलियाच्या पुढारीपणाखालील पथकही २०१७ सालीं परतलें.

ही संधि चीननें साधली. बेटांतलें बहुतेक लाकूड आधींच चीनकडे जात होतें. सप्टेंबर २०१९ मध्यें होनियारा येथील सरकारनें तैवानशीं असलेला छत्तीस वर्षांचा संबंध तोडून चीनशीं जोडला. आणि एप्रिल २०२२ मध्यें उभयतांत संरक्षणाचा करार झाला. त्याचा जो मसुदा आधींच फुटला, त्यांत चिनी पोलीस व सैनिक बोलावण्याची आणि चिनी जहाजांस तेथें रसद घेण्याची मुभा होती. लष्करी तळ होणार नाहीं, असें पंतप्रधान सोगावारे यांनीं सांगितलें. सह्या झालेला करार मात्र त्यांनीं प्रसिद्ध केला नाहीं.

मग इतरांची झोप उडाली. अमेरिकेनें फेब्रुवारी २०२३ मध्यें वकिलात पुन्हां उघडली. ऑस्ट्रेलियानें डिसेंबर २०२४ मध्यें तेथील पोलिसांसाठीं आपले एकोणीस कोटी डॉलर देऊं केले. दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, असें कोणी म्हणेल; व लहान राष्ट्रानें आपली किंमत वाढवून घेतली, यांत दोषही नाहीं.

परंतु हा तिसरा म्हणजे कोण? सरकार कीं प्रजा? नोव्हेंबर २०२१ मध्यें होनियारांत दंगल होऊन चिनी पेठ जळाली. तिच्या मुळाशीं दारिद्र्य व बेकारी होती, तशीच चीनशीं जोडलेला संबंध न रुचलेल्या मलैटा बेटाची नाराजीही होती. पुन्हां असा प्रसंग आल्यास परके शिपाई कोणाच्या बोलावण्यानें येणार आणि कोणावर चालून जाणार, हें ज्या कागदांत लिहिलें तोच प्रजेस वाचावयास मिळूं नये, ही आमच्या मतें खरी नामुष्की होय.

चीनच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या अमेरिकेनें आपण तीस वर्षें कोठें होतों याचा जबाब प्रथम द्यावा. पण मोठा जबाब होनियाराच्या सरकाराकडे आहे. खत वाचल्यावांचून सही करणारा व्यापारी पेढी बुडवितो, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. येथें तर मालकाच्या नांवानें मुनिमानें सही केली, आणि खत मालकासच दाखविलें नाहीं. परक्याचें साहाय्य अवश्य घ्यावें; मात्र करार चव्हाट्यावर वाचून मगच घ्यावें.