छत्तीस हजार वर्षांपूर्वीचं सरपण

फ्रान्सच्या आर्देश खोऱ्यातली शोवे गुहा १९९४मध्ये उजेडात आली आणि भिंतींवरच्या सिंह, गेंडे, घोड्यांच्या चित्रांनी जग थक्क झालं. काही संशोधकांनी मात्र जमिनीवरचा कोळसा वेचला. चुली पेटल्या होत्या तिथे आणि मशाली झटकल्या होत्या तिथे त्याचे तुकडे पडले होते. अशा १७१ नमुन्यांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. एक सोडून सगळे पाइनचे निघाले.

इतक्या जुन्या तुकड्यावरून झाड ओळखतात कसं? मातीत पुरलेलं लाकूड बुरशी आणि वाळवी फस्त करतात. तेच अपुऱ्या हवेत जळलं, तर त्याचा कोळसा होतो आणि कोळशाला सूक्ष्मजीव सहसा दाद देत नाहीत. लाकडाची पेशीरचना त्यात जशीच्या तशी राहते. अभ्यासक तुकडा तीन दिशांनी मोडतो आणि ताजी मोड सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. सागाच्या आडव्या मोडीवर हंगामाच्या सुरुवातीच्या रुंद नलिका कड्यासारख्या ओळीने दिसतात, नंतरच्या बारीक असतात. पाइन किंवा देवदाराच्या लाकडात अशा नलिकाच नसतात. बहुतेक वेळा झाडाच्या कुळा-प्रजातीपर्यंत पोहोचता येतं, नेमक्या जातीपर्यंत नाही. म्हणूनच शोवेचा पाइन स्कॉट्स की ब्लॅक, हे ठरलेलं नाही.

वाढीच्या वलयांचा बाक पाहिला, तर लाकूड बारीक फांदीचं की जाड खोडाचं, याचा अंदाज येतो. पेशींमध्ये बुरशीचे धागे सापडले, तर ते जळण्याआधीच कुजू लागलं होतं, म्हणजे बहुधा पडलेलं वाळकं लाकूड गोळा केलं होतं.

खरी अडचण पुढे आहे. कोळशात पाइनच पाइन आहे, म्हणजे जंगल पाइनचं होतं, की माणसांनी पाइनच निवडला? एका चुलीतला कोळसा शेवटच्या एक-दोन जाळांचाच असतो. वस्तीच्या थरात विखुरलेला कोळसा मात्र अनेक वर्षांच्या चुलींचा साठत गेलेला असतो. रोजच्या जळणासाठी माणूस फार लांब जात नाही, त्यामुळे परिसरातली झाडं त्यात बरीचशी उमटतात. इमारती लाकडाचं तसं नाही. हडप्पाच्या एका शवपेटीत देवदार वापरला होता. ते झाड हिमालयातलं, पंजाबच्या मैदानातलं नव्हे.

शोवेत माणसं दोन मोठ्या कालखंडांत येऊन गेली: सुमारे ३७,००० ते ३३,५०० आणि ३१,००० ते २८,००० वर्षांपूर्वी. दोन्ही वेळा जळण पाइनचंच. हवामान थंड होतं, त्यात पाइन तग धरून होता, हे एक कारण. पण एवढा एकसुरीपणा केवळ हवामानाने होत नाही. निवड जाणूनबुजून केली होती, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पाइनच्या खालच्या फांद्या वाळून आपोआप गळतात, त्यामुळे कुऱ्हाडीवाचून सरपण मिळतं. जाळ उजळ होतो, अंधाऱ्या गुहेत तो हवाच. शिवाय पाइनचा ठिसूळ कोळसा बोटाने पसरवून छटा देता येतात. एकाच लाकडावर उजेडही झाला आणि चित्रंही.

आता उत्खननाच्या जागेसाठी एक सूचना. कोळसा बहुधा वय काढण्यासाठी पाठवला जातो आणि कार्बन-१४ तपासणीत नमुना नष्ट होतो. त्यातही दीर्घायुषी झाडाच्या गाभ्यातला तुकडा गेला, तर तो पेटवल्या दिवसापेक्षा शेकडो वर्षं जुना निघू शकतो, कारण आतली वलयं झाड उभं असतानाच मेलेली असतात. म्हणून आधी झाड ओळखावं, जमल्यास बारीक फांदीचा तुकडा निवडावा, मगच तो प्रयोगशाळेत धाडावा. क्रम चुकला, तर हाती तारीख येते, तीही कदाचित चुकीची, आणि जंगल कायमचं हातचं जातं.