खांद्यावरचं ओझं

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला पिशवी कशी सांभाळावी हे शिकवायला लागू नये. तरीही निवृत्तीनंतर मला कॅमेऱ्याचा नाद लागला आणि पहिली चूक केली ती पिशवीतच.

"काका, सगळं एकात मावेल," असं म्हणत दुकानदाराने पुढे केलेली पाठपिशवी मी घरी आणली. मावत होतं खरं. फक्त ती रिकामीच दोन किलोंची होती, आणि भरली की सहा-सात!

हीच पिशवी घेऊन आम्ही हरिहरेश्वरला निघालो. बरोबर आमची आक्का होती. पुढचे दात पडल्यापासून ती फोटोत हसायची नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत एक लाट कठड्यावरून उसळली, आक्का चिंब भिजली आणि लहान पोरीसारखी खळखळून हसली. मी पिशवी एका खांद्यावरून काढली, मग दुसऱ्यावरून, खाली ठेवली, दोन बकलं सोडली, चेन ओढली... तोवर पदर जागेवर! "झाली का रे तुझी तिजोरी उघडून?" आक्का म्हणाली.

पुढच्या दिवाळीला आक्का नव्हती. भिंतीवरचा तिचा फोटो लग्नातल्या एका ग्रूपफोटोतून कापून काढलाय. त्यात ती गंभीर आहे.

त्यानंतर मी पिशवीकडे कर्जाच्या अर्जाकडे पाहावं तसं पाहू लागलो. नेमकी गरज किती? स्वयंपाकघरातल्या काट्यावर कॅमेरा आणि एक लेन्स ठेवली, भरली नऊशे ग्रॅम. दुसरी लेन्स वर्षात दोनदा लागलेली. ती घरी राहिली.

मग दुकानात माझा कॅमेरा नेला, पिशवीत घातला आणि ती खांद्याला अडकवून पंधरा मिनिटं फिरलो. तुम्हीही असंच करा. रिकामी पिशवी प्रत्येकाच्या खांद्याला हलकीच लागते. पट्टा रुंद हवा आणि तो छातीवरून तिरपा घेता यायला हवा, म्हणजे एकच खांदा दुखत नाही आणि पिशवी घसरतही नाही. पिशवी पोटाशी ओढून घेतली की ती न उतरवता कॅमेरा निघाला पाहिजे. दिवसभर डोंगर चढायचा, सामान जास्त, तर मात्र पाठपिशवीच बरी. पण कमरपट्ट्याची, म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. गर्दीत वावरायचं असेल तर तिचं तोंड पाठीच्या बाजूला उघडणारं असावं. विमानात कॅमेरा आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्यात. आणि आपल्या पावसाळ्यासाठी वरून घालायचं आवरण हवं, आत सिलिका जेलच्या पुड्या. ओली पिशवी बंद करून कपाटात ठेवली की लेन्सवर बुरशी आलीच म्हणून समजा.

पिशवी 'कॅमेऱ्याचीच' दिसायला हवी असंही नाही. इंग्लंडमधली बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ साली सुरू झाली ती मासे पकडणाऱ्यांच्या पिशव्या शिवायला. पुढे फोटोग्राफरांनीच त्या उचलल्या. एकेकाळी आपले कवी-कार्यकर्ते शबनम पिशवीत अख्खा संसार घेऊन फिरायचे, तसंच काहीसं.

माझी आताची पिशवीही शबनमच्या कुळातलीच. जाड कापडाची, आत मऊ कप्पे, वर नुसती झडप. ती दाराशी छत्रीशेजारी टांगलेली असते, त्यामुळे भाजीला जातानाही कॅमेरा बरोबर येतो. परवा सौ.ने तिच्यात कोथिंबिरीची ओली जुडी टाकली. मी कुरकुरलो, पण कप्पे काढून उन्हात ठेवले. जी पिशवी बाजारात सोबत येत नाही ती फेरीबोटीवर तरी काय कामाची?

कॅमेरा हातात यायला आता तीन सेकंद लागतात. घड्याळ लावून मोजलेत. आक्का तेवढा वेळ नक्की हसत होती.