सोपोची पावती आणि शहराचा कारभार
(नभोवाणीवरील भाषण)



बुधवारी डिचोलीचा आठवड्याचा बाजार भरतो आणि गुरुवारी पेडण्याचा. मये, नार्वे, मुळगाव अशा आसपासच्या गावांतून बायका भल्या पहाटे तांबड्या भाजीच्या जुड्या, काकड्या, वाल, मिरच्या घेऊन बाजारात येतात. गोणपाट पसरून त्या बसतात न बसतात तोच पावत्यांचे पुस्तक हाती घेतलेला माणूस समोर उभा राहतो. कधी तो पालिकेचा नोकर असतो, तर कधी पालिकेने नेमलेल्या कंत्राटदाराचा. बाजारात बसण्याच्या जागेबद्दल तो जे पैसे घेतो, त्यास आपल्या गोव्यात 'सोपो' म्हणतात. बाई पैसे देते, पावती पिशवीत कोंबते आणि गिऱ्हाइकाकडे वळते. संध्याकाळी घरी गेल्यावर ती पावती बहुधा चुलीत जाते.

त्या लहानशा कागदाविषयीच आज मला बोलायचे आहे. सोपोचा दर कोणी ठरवला? ते पैसे कोणाच्या तिजोरीत गेले? त्यांतून बाजाराला सावली, पाणी, शौचालय यांपैकी काय मिळाले? आणि काहीच मिळाले नसेल, तर त्या बाईने विचारायचे कोणाला? लहान शहराचा कारभार चोख आहे की नाही, हे या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून कळते.

पोर्तुगीज अमदानीतही आपल्याकडे नगरपालिका होत्या. डिचोली आणि पेडणे हे नव्या काबिजादींतले तालुके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांच्या हाती गेले. त्या काळच्या पालिकांनी रस्ते बांधले, दिवे लावले, बाजार वसवले; त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांचे तोंड वर सरकारकडे वळलेले असे. सालाझारच्या राजवटीत मोकळी निवडणूक नव्हती, आणि वर्तमानपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सरकारी नजरेखालून जात असे. हिशेब ठेवला जाई. परंतु तो वरच्यांना द्यायचा, खालच्यांना नव्हे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी गावोगाव पंचायती आल्या आणि १९६८ साली नगरपालिकांचा नवा कायदा झाला. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपालिकेला प्रत्यक्ष राज्यघटनेत स्थान मिळाले. पालिकेची मुदत पाच वर्षे राहील; ती मुदतीपूर्वी बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागेल; निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवाव्या लागतील; अशी बंधने आली. आज गोव्यात पणजीची महानगरपालिका आणि तेरा नगरपालिका आहेत. २०११ च्या शिरगणतीत डिचोली शहराची लोकसंख्या सुमारे सतरा हजार होती आणि पेडण्याची पाच हजारांच्या आसपास. मुंबईच्या एखाद्या वसाहतीत याहून अधिक माणसे राहत असतील.

आता या लहानपणाचा विचार करू. २०२१ च्या निवडणुकीत डिचोलीत चौदा प्रभाग होते आणि पेडण्यात दहा. भागाकार करून पाहा. डिचोलीत एका नगरसेवकामागे सुमारे बाराशे माणसे येतात, पेडण्यात पाचशे. म्हणजे प्रभाग हा एखाद्या वाड्याएवढा. नगरसेवक आपल्याला पुनवेच्या जत्रेत भेटतो, चवथीला भेटतो, नाताळच्या मिस्सेनंतर चर्चच्या फाटकापाशीही भेटतो. दिवा विझला आहे हे सांगण्यासाठी कचेरीची पायरी चढावी लागत नाही. मोठ्या शहरातल्या माणसाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

पण याच सोयीत एक खोड दडलेली आहे. जो इतका जवळचा, त्याला विचारायचे कसे? नगरसेवक आपल्या मामांचा मित्र असतो. गटाराचे काम घेणारा शेजारचाच असतो. भिंत पुढे सरकवून रस्ता अडवणारा आपल्याच नात्यातला असतो. मग आपण तोंडी सांगतो, तो तोंडी 'बघतो' म्हणतो, आणि दोघांचाही मान राहतो. गटार मात्र तुंबलेलेच राहते. मोठ्या शहरात अनोळखीपणामुळे कारभार बेजबाबदार होतो. लहान शहरात तो ओळखीमुळे होतो. म्हणून जिथे माणसे एकमेकांना अधिक ओळखतात, तिथे नियम आणि कागद यांची गरज कमी नसून अधिकच असते.

कायद्याने ही व्यवस्था कशी केली आहे ते पाहू. लोक नगरसेवकांना निवडतात आणि नगरसेवक आपल्यातून नगराध्यक्ष निवडतात. पालिकेचे दफ्तर, नोकरवर्ग आणि खर्च सांभाळण्यासाठी सरकार एक मुख्याधिकारी नेमते. नगरसेवकांनी काय करावे ते ठरवायचे. मुख्याधिकाऱ्याने ते कायद्यात बसवून करायचे. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी, हा त्यातला हेतू. मात्र काम झाले नाही की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, ही त्याची दुसरी बाजू. नगराध्यक्षाला अविश्वासाच्या ठरावाने दूर करता येते आणि गोव्यात असे ठराव नवलाचे नाहीत. पण नगराध्यक्ष बदलला म्हणजे नगरसेवकांपुढची जबाबदारी पार पडली. नागरिकांपुढची जबाबदारी ही निराळी गोष्ट आहे.

तिची पहिली कसोटी म्हणजे निवडणूक, आणि निवडणूक घेणारा पंच निःपक्षपाती हवा. याबाबतीत गोव्याच्या लहान शहरांमुळे साऱ्या देशाला एक धडा मिळाला. २०२१ च्या आरंभी अकरा पालिकांच्या निवडणुका व्हायच्या होत्या. प्रभागांच्या आरक्षणात कायद्याचे पालन झाले नाही, अशी तक्रार काही नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे नेली. न्यायालयाने मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांपुरते ते आरक्षण रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मार्च २०२१ रोजी त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय उचलून धरला आणि आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. राज्याच्या कायदा सचिवाकडेच निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार सोपवलेला होता. सरकारच्या नोकरीत असलेल्या माणसाला राज्य निवडणूक आयुक्त करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. आणि ही गोष्ट केवळ गोव्यापुरती न राहता सर्व राज्यांना लागू झाली. डिचोली, पेडणे यांसह सहा पालिकांचे मतदान ठरल्याप्रमाणे २० मार्चला झाले, उरलेल्या पाचांचे एप्रिलमध्ये. आरक्षणाची यादी वाचून 'हे बरोबर नाही' म्हणणारी थोडी माणसे निघाली, म्हणून हे घडले.

परंतु निवडणूक पाच वर्षांनी येते आणि गटार दर पावसाळ्यात तुंबते. मधल्या काळात काय? गावात याचे उत्तर आहे. त्याचे नाव ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद. तो उभा राहून सरपंचाला खर्चाचा तपशील विचारू शकतो. गोव्यातल्या ग्रामसभा किती तापतात, हे सोमवारची वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. डोंगर कापण्याचा, शेत बुजवण्याचा प्रश्न कितीतरी गावांत प्रथम तिथेच उपस्थित झाला.

शहरवासीयाला मात्र घटनेने अशी सभा दिलेली नाही. प्रभाग समित्या घटनेत आहेत. पण त्यांची सक्ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच आहे. गोव्यात एवढी मोठी पालिकाच नाही. म्हणजे मुंबईकराला प्रभाग समिती, मयेकराला ग्रामसभा, आणि या दोघांच्या मधला जो डिचोलीकर वा पेडणेकर, त्याच्या वाट्याला केवळ पाच वर्षांनी एकदा मतपेटी. सतरा हजारांचे शहर ग्रामसभेला फार मोठे आणि प्रभाग समितीला फार लहान ठरले. आपल्या लहान शहरांच्या कारभारातले खरे छिद्र हेच आहे, असे मला वाटते.

आपली सोपो देणारी बाई तर याहूनही बाहेर आहे. ती मयेची किंवा नार्व्याची. तिचे मत तिच्या गावात. ती पैसे भरते शहराच्या पालिकेला. तिच्यासाठी ना सभा, ना मत. तिच्या हाती आहे ती फक्त पावती.

पण पावती ही लहान वस्तू नव्हे. पालिकेचे उत्पन्न येते ते घरपट्टीतून, सोपोतून, दुकानांच्या भाड्यातून, निरनिराळ्या परवान्यांच्या शुल्कातून आणि सरकारी अनुदानातून. दरवर्षी अंदाजपत्रक मंजूर होते. वर्षअखेर हिशेब मांडला जातो. त्याची तपासणी होते. हे सगळे कागद कपाटात असतात. ते कपाट उघडण्याची किल्ली आज नागरिकाच्या हाती आहे. माहितीचा हक्क देणारा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला होता. देशाचा कायदा २००५ साली झाला. साध्या कागदावर अर्ज करावा, दहा रुपये शुल्क भरावे. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास प्रथम त्याच कचेरीच्या वरिष्ठाकडे आणि नंतर राज्य माहिती आयोगाकडे अपील करता येते. अर्ज करणाऱ्याने कारण सांगण्याची गरज नाही, आणि तो त्या शहराचा मतदार असण्याचीही गरज नाही. म्हणजे आपली भाजीवालीसुद्धा विचारू शकते, की गेल्या वर्षी सोपोचे किती रुपये जमले आणि बाजारावर किती खर्च झाले.

मी शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान शहरात नववीच्या वर्गाला नागरिकशास्त्र शिकवीत असताना एका मुलाने विचारले, "बाई, आमच्या वाटेवरच्या गटाराचा मालक कोण?" पुस्तकात उत्तर होते, गटारात नव्हते. तिथल्या नगरसेवकाला आम्ही दोनदा सांगितले होते आणि दोनदा 'बघतो' ऐकले होते. मग वर्गाने मिळून एक पत्र लिहिले. जागा कोणती, किती हात लांबीचे गटार तुंबले आहे, पाणी कुठे साचते, कोणत्या तारखेपासून साचते, एवढेच त्यात होते. रागाचा एकही शब्द नव्हता. दोन प्रती केल्या. एक कचेरीत दिली आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घेतला. पंधरा दिवसांनी मुलांनी तो क्रमांक सांगून चौकशी केली. मग माणसे आली आणि त्यांनी अर्धे गटार साफ केले. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरे पत्र लिहावे लागले. मोठा विजय म्हणावा असे त्यात काही नव्हते. परंतु तोंडी बोलणे हवेत विरते आणि क्रमांक पडलेला कागद कोणाच्या तरी टेबलावर उत्तराची वाट पाहत बसतो, एवढे ती मुले शिकली. नगरसेवकाचा आणि त्यांच्या पालकांचा स्नेहही तुटला नाही.

जगात इतरत्रही यावर विचार झाला आहे. ब्राझीलमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या राज्यकर्त्यांचीच भाषा बोलणाऱ्या देशात, पोर्तो अलेग्री नावाचे शहर आहे. तिथे १९८९ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत सभा भरवून, नव्या कामांचे पैसे आधी कशावर खर्चावे हे रहिवाशांनाच ठरवू देण्याची पद्धत सुरू झाली. गरीब वस्त्यांनी पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था मागितली. पुणे महानगरपालिकेनेही २००६ च्या सुमारास नागरिकांकडून आपल्या भागातली कामे सुचवून घ्यायला प्रारंभ केला. लाखांच्या शहरांना जे जमते, ते पाचशे माणसांच्या प्रभागाला का जमू नये? कायद्याने सक्ती केली नाही, म्हणून मनाईही केलेली नाही. पेडण्याच्या एखाद्या नगरसेवकाने अंदाजपत्रकापूर्वी शाळेच्या पटांगणात आपल्या प्रभागाची सभा बोलावली, तर दोनशे खुर्च्याही पुष्कळ होतील. वर्षातून दोनदा अशी सभा व्हावी आणि सोपोचा जमाखर्च बाजाराच्या फाटकावर फळ्यावर लिहावा. याला खडूखेरीज खर्च नाही.

अर्थात हिशेब दोन्ही बाजूंनी असतो. घरपट्टी थकवणाऱ्याला दिव्याविषयी तावातावाने बोलण्याचा अधिकार थोडा कमीच पोहोचतो. ओला आणि सुका कचरा एकाच पिशवीत बांधून रात्री नदीकाठी टाकणाऱ्याने, पावसाळ्यात पाणी बाजारात शिरल्यावर केवळ पालिकेला दोष देऊ नये. प्रश्न विचारणारा नागरिक स्वतः चोख असला, की त्याच्या प्रश्नाला वजन येते.

शुभवर्तमानात एका कारभाऱ्याची कथा आहे. तो धन्याची मालमत्ता उधळतो, असे कानी आल्यावर धनी त्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो. लहानपणी ती कथा ऐकताना माझे सारे लक्ष त्या लबाड कारभाऱ्याकडे असे. आता वाटते, त्या धन्याकडेही पाहावे. हिशेब मागितला जाईपर्यंत उधळपट्टी चाललीच होती. शहराच्या कारभारात धनी आपण आहोत, आणि धन्याने हिशेब मागितला यात कारभाऱ्याचा अपमान नाही. चांगल्या कारभाऱ्याला तर त्यात आपले नाव स्वच्छ ठेवण्याची संधीच मिळते.

तेव्हा पुढच्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात गेलात, तर भाजी घेताना त्या बाईला एवढे जरूर सांगा, की सोपोची पावती चुलीत टाकू नकोस, जपून ठेव.