छतावरील सौर वीज व निव्वळ मोजणीचा वाद

चांदवड तालुका सातमाळा डोंगररांगेच्या परिसरात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेला आहे. येथील शेतकऱ्यास पावसाची उणीव नेहमीचीच. उन्हाची उणीव मात्र त्याने सहसा पाहिलेली नाही. या उन्हाचा उपयोग घराच्या छतावर वीज निर्माण करण्याकडे आता होऊ लागला आहे. केंद्र सरकारची ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॉटच्या संचास ३०,००० रुपये, दोन किलोवॉटच्या संचास ६०,००० रुपये व तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान तीत ठेवलेले आहे. देशातील एक कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे या योजनेचे उद्दिष्ट आहे.

अनुदानाची माहिती गावोगावी पोहोचली आहे. परंतु संचापासून होणारा खरा लाभ अनुदानावर तितकासा अवलंबून नाही, जितका तो वीज मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. ही पद्धत कोणती असावी, याबद्दल गेली कित्येक वर्षे देशात व महाराष्ट्रात वाद चालू आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी हा वाद समजावून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यात शेतकऱ्याचे हित एकाच नव्हे, तर दोन्ही बाजूंना गुंतलेले आहे.

निव्वळ मोजणी म्हणजे काय?

सौर संच दिवसा वीज निर्माण करतो. त्याच वेळी घरातील माणसे बहुधा शेतावर असतात व घरात विजेचा वापर थोडा असतो. उरलेली वीज तारांमधून वितरण कंपनीकडे जाते. सायंकाळी दिवे, पंखे व दूरदर्शन संच चालू होतात, तेव्हा तारांमधून वीज घरात येते. बाहेर गेलेली व आत आलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर बसवून, त्यांच्या फरकाचेच बिल आकारावयाचे, या पद्धतीस निव्वळ मोजणी किंवा ‘नेट मीटरिंग’ असे म्हणतात.

कांदा उत्पादकास हे सहज उमजेल. समजा, चैत्रात निघालेला उन्हाळ कांदा दुसऱ्याच्या चाळीत ठेवला. चाळमालकाने भाडे घेतले नाही, घट धरली नाही आणि आश्विनात भाव चढले असताना जितका कांदा ठेवला होता तितकाच तोलून परत दिला. ठेवणाऱ्यास याहून उत्तम व्यवस्था ती कोणती? निव्वळ मोजणीत वितरण कंपनी ही अशी चाळ होते. दुपारी ठेवलेले युनिट रात्री युनिटास युनिट परत मिळते.

आता चाळमालक म्हणेल की, ‘चाळ बांधण्यास खर्च आला आहे, कांदा सडतो, शिवाय आश्विनातील कांद्याचे मोल चैत्रातील कांद्याइतके नसते.’ वितरण कंपन्यांचे म्हणणे नेमके हेच आहे. म्हणून त्या दुसऱ्या दोन पद्धती सुचवितात. एकीस ‘नेट बिलिंग’ म्हणतात. तीत घरात वापरून उरलेली वीज कंपनी ठरावीक, कमी दराने घेते व रात्रीची वीज नेहमीच्या दराने देते. दुसरी ‘ग्रॉस मीटरिंग’. तीत छतावरील सर्वच वीज कंपनी ठरावीक दराने घेते व घरातील सर्व वापराचे बिल नेहमीच्या दराने आकारते.

एका घराचा हिशेब

एक किलोवॉटचा संच आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे चार युनिटे वीज देतो. त्या मानाने दोन किलोवॉटच्या संचापासून महिन्यास सुमारे २४० युनिटे मिळतील. समजा, त्यांपैकी ६० युनिटे दिवसा घरातच वापरली गेली व १८० बाहेर गेली. रात्री १७० युनिटे बाहेरून घेतली. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेल्या विजेचा दर युनिटास ८ रुपये व दिलेल्या विजेचा दर ३ रुपये धरू. प्रत्यक्ष दर आयोगाच्या आदेशानुसार निराळे असतात.

निव्वळ मोजणीत १७० युनिटे १८० युनिटांतून वळती होतात. वीज आकार शून्य येतो व १० युनिटे पुढील महिन्यासाठी जमा राहतात.

नेट बिलिंगमध्ये १७० युनिटांचे १,३६० रुपये देणे व १८० युनिटांचे ५४० रुपये येणे होते. ग्राहकाने ८२० रुपये भरावयाचे.

ग्रॉस मीटरिंगमध्ये एकूण वापर २३० युनिटांचा, म्हणजे १,८४० रुपये देणे, आणि २४० युनिटांचे ७२० रुपये येणे. ग्राहकाने १,१२० रुपये भरावयाचे.

स्थिर आकार तिन्ही पद्धतींत भरावाच लागतो. छत तेच, संच तोच व ऊनही तेच. परंतु नियमातील एका शब्दाने बिल शून्यापासून हजाराच्या पलीकडे जाते. म्हणूनच या शब्दावरून एवढा वाद झाला.

नियम कोण करतो?

संसदेने २००३ साली विद्युत अधिनियम संमत केला. नवीकरणीय ऊर्जेस उत्तेजन देण्याचे कर्तव्य या अधिनियमाच्या कलम ८६ ने राज्यांच्या विद्युत नियामक आयोगांवर सोपविले आहे. मोजणीचे तपशील आयोग आपल्या विनियमांद्वारे ठरवितो. याबाबत दोन तरतुदी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कलम १८१ प्रमाणे आयोगास विनियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, म्हणजे लोकांस हरकती व सूचना मांडता येतात. कलम १८२ प्रमाणे झालेले विनियम राज्याच्या विधानमंडळापुढे ठेवावे लागतात. केंद्र सरकारने केलेले नियमही त्याचप्रमाणे संसदेपुढे ठेवले जातात. सारांश, हा विषय केवळ तज्ज्ञांच्या दालनातील नाही. सामान्य ग्राहक व त्याचा लोकप्रतिनिधी या दोघांसही त्यात बोलण्यास जागा आहे.

महाराष्ट्रातील घडामोडी

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौर संचांसाठी निव्वळ मोजणीचे विनियम सप्टेंबर २०१५ मध्ये केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. दरमहा ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांपुरतीच निव्वळ मोजणी ठेवून इतरांस नेट बिलिंग लावावे, असा त्यात प्रस्ताव होता. त्यावर ग्राहक, संच बसविणारे व्यावसायिक व उद्योजक यांच्याकडून मोठ्या प्रमाणावर हरकती आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये अंतिम विनियम निघाले, तेव्हा निव्वळ मोजणी कायम ठेवण्यात आली होती. मात्र तारांच्या जाळ्याच्या वापराबद्दल ‘ग्रिड आधार आकार’ लावण्याची तरतूद त्यात आली. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांस या आकारातून सूट मिळाली, आणि इतरांनाही राज्यातील छतावरील एकूण क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत तो लावू नये, असे ठरले. संचांची संख्या ज्या वेगाने वाढत आहे तो वेग पाहता ही मर्यादा आता दूरची राहिलेली नाही.

केंद्रातही असेच घडले. डिसेंबर २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत निव्वळ मोजणी दहा किलोवॉटपर्यंतच्या भारापुरती ठेवली होती व त्यावरील ग्राहकांस ग्रॉस मीटरिंग सांगितले होते. त्यास विरोध झाल्यावर जून २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ही मर्यादा ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत वाढविण्यात आली. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांच्या अर्जांस तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली. पाच किलोवॉटपर्यंतच्या संचांसाठी वितरण व्यवस्थेत काही बळकटी करावी लागल्यास तिचा खर्च वितरण कंपनीने सोसावा, असेही ठरले.

दोन्ही प्रसंगी मसुद्यातील किंवा नियमातील मजकूर लोकांच्या हरकतींनंतर बदलला, ही गोष्ट विसरता कामा नये.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

निव्वळ मोजणीच्या बाजूने असे सांगितले जाते की, संचाचा भांडवली खर्च ग्राहक स्वतः करतो. त्याची वीज शेजारच्या घरातच खपते, त्यामुळे दूरवरून वीज आणताना होणारी गळती वाचते. कोळसा जळत नाही. शिवाय संचाचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे असते. तेवढ्या काळाचा भरवसा नसल्यास लहान माणूस कर्ज काढून संच बसविणार नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही पोकळ नाही. रोहित्रे, खांब, तारा व कर्मचारी यांचा खर्च ऊन असो वा नसो, चालूच असतो. सौर संच बसविलेल्या ग्राहकाचे बिल शून्यावर आले, तरी रात्री त्यास तीच व्यवस्था लागते. दुपारी वीज मुबलक असते व तिचे मोल कमी असते. सायंकाळी मागणी चढते, तेव्हा कंपनीस महाग वीज घ्यावी लागते. तूट अखेर इतर ग्राहकांच्या दरावर येते.

शेतकरी दोन्ही बाजूंना

येथेच शेतकऱ्याचा विशेष संबंध येतो. महाराष्ट्रात उद्योग व व्यापारी ग्राहकांकडून विजेच्या सरासरी खर्चाहून अधिक दर घेतला जातो व त्यातून शेतीपंपांचा दर खाली ठेवण्यास साहाय्य होते. यास ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. अधिक दर देणारे मोठे ग्राहक आपल्या छतावर वीज करू लागले की, हा निधी आटतो.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे. त्यामुळे पंपाचे बिल येत नाही, तर दराचा विचार कशास, असे कोणी म्हणेल. हा समज बरोबर नाही. त्या विजेचाही दर ठरतो आणि तो राज्य सरकार भरते. म्हणजे भार नाहीसा होत नाही, सरकारी तिजोरीवर जातो. साडेसात अश्वशक्तीवरील पंप तर या योजनेबाहेरच आहेत.

तेव्हा वडनेरभैरवच्या द्राक्ष बागायतदारास किंवा वडाळीभोईच्या कांदा उत्पादकास घराच्या छताकडे पाहता निव्वळ मोजणी हवी आहे. विहिरीवरील पंपाकडे पाहता मोठ्या ग्राहकांनी आपला वाटा उचलावा, हेही हवे आहे. या दोन इच्छा परस्परविरोधी नाहीत. लहान घरगुती संचास पूर्ण निव्वळ मोजणी व मोठ्या संचास व्यवस्थेच्या खर्चाचा वाजवी वाटा, ही विभागणी दोन्ही हितांस धरून आहे. दहा किलोवॉटपर्यंतच्या सवलतीचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

परदेशचा अनुभव

हा वाद केवळ आपल्याकडील नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्येच निव्वळ मोजणीचा कायदा केला. नेवाडा राज्यातील आयोगाने डिसेंबर २०१५ मध्ये निव्वळ मोजणीचा लाभ कमी केला व तो बदल जुन्या ग्राहकांसही लावला. लोकांत मोठा असंतोष झाला आणि शेवटी २०१७ मध्ये तेथील विधिमंडळास कायदा करून सुधारणा करावी लागली. कॅलिफोर्निया राज्याने डिसेंबर २०२२ च्या निर्णयाने नव्या ग्राहकांसाठी कमी दराची पद्धत आणली. यावरून दोन गोष्टी दिसतात. संच वाढले की पद्धत बदलण्याचा प्रश्न येतोच. आणि एकदा दिलेला शब्द जुन्या ग्राहकांच्या बाबतीत मोडल्यास विश्वास उडतो.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे?

१. संच बसविण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करून महिन्याचा सरासरी वापर काढावा व संच त्या मानानेच घ्यावा. वर्षाअखेर शिल्लक राहिलेली युनिटे कंपनी आयोगाने ठरविलेल्या दराने घेते व तो दर बेताचाच असतो. वीज विकून उत्पन्न होईल, या आशेने मोठा संच घेणे हिताचे नाही.

२. शक्य तो वापर दिवसाकडे वळवावा. कडबाकुट्टी, घरगुती पिठाची गिरणी व टाकी भरण्याचा पंप दुपारी चालवावा. निव्वळ मोजणी असो वा नेट बिलिंग, दिवसा घरात वापरलेल्या युनिटाचा पूर्ण लाभ ग्राहकाकडेच राहतो.

३. बॅटरी नसलेला, तारांच्या जाळ्यास जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवास धोका पोहोचू नये, म्हणून ही योजना केलेली असते. मळ्यातील ज्या वस्तीवर दिवसा वीज वारंवार जाते, तेथे हा विचार आधी करावा.

४. करारावर सही करण्यापूर्वी मोजणीची पद्धत, मंजूर भार व कराराची मुदत वाचून पाहावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

५. आयोगाचा मसुदा प्रसिद्ध झाल्याचे कळताच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तो ग्रामसभेत समजावून सांगावा. हरकत साध्या मराठीत, एका कागदावर, परंतु हिशेबासह लिहावी व मुदतीत पाठवावी. ग्रामपंचायत व विविध कार्यकारी सोसायटी यांनी ठराव करून तो आमदारांकडेही द्यावा.

पावसाचे पाणी अडविले तरच ते विहिरीस मिळते. न अडविल्यास ओढ्याने निघून जाते. नियमांतील लाभाचेही तसेच आहे. मसुदा निघतो, मुदत संपते व अंतिम नियम होतो, तोपर्यंत गावाने आपले म्हणणे मांडले नाही, तर नंतर बिल पाहून खंत करण्यात अर्थ नाही. छतावर संच बसविण्याइतकेच, त्या संचाच्या विजेचे मोल ठरविताना हजर राहणे हेही शेतकऱ्याचे काम आहे.